जादा कामाचा हिशेब कामाआधीच हवा



लागण, बेणे, खत आणि पाणी याखेरीज आम्ही या पानांवर सहसा काही लिहीत नाही. या खेपेला मात्र नेहमीची वाट थोडी सोडावयाची आहे. आपल्या कार्यक्षेत्रातील उपसा जलसिंचन संस्थांचे जुने नळ आता जागोजागी फुटू लागले आहेत. काही संस्थांनी नळ बदलण्याचे आणि जॅकवेल दुरुस्तीचे काम काढले आहे, काहींच्या सर्वसाधारण सभेपुढे तो विषय यावयाचा आहे. निविदा मागवताना सगळेजण डोळ्यांत तेल घालून बसतात. कोणाचा दर किती, कोण कोणाचा पाहुणा, यावर रात्र रात्र चर्चा होते. पण एकदा नारळ फुटला की मंडळी निर्धास्त होतात, आणि खरा खर्च तेथून पुढे वाढत जातो. पाणी संस्था अडचणीत येते ती पुष्कळदा निविदेच्या दराने नव्हे, तर नंतर वाढलेल्या 'जादा कामा'ने येते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

कोणी म्हणेल, बांधकाम हे अभियंत्यांचे शास्त्र, कृषी पदविका घेतलेल्या माणसाने त्यात तोंड का घालावे? प्रश्न रास्त आहे. पण शिवारात ठेकेदाराचा मुकादम विचारायला येतो तो अभियंत्याला नव्हे. अभियंता आठवड्यातून एकदा येतो. मुकादमाला रोज भेटतो तो बांधावरचा सभासद, संस्थेचा पाटकरी आणि आमच्यासारखा गटात फिरणारा माणूस. तेथेच 'करा की', 'घ्या की', 'बघू नंतर' असे शब्द जातात आणि त्या शब्दांचे बिल होते. हे आम्ही ऐकून सांगत नाही. असा एक शब्द आमच्याच तोंडून गेलेला आहे.

आमचीच एक चूक

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. दुसऱ्या एका भागात नदीकाठच्या गावी पाणी योजनेचे काम चालू होते. कोणत्या गटाला किती पाणी लागेल हे सांगण्यासाठी समितीने आम्हाला बोलावले होते. वितरण हौदाची जागा नकाशात ठरलेली होती. पण वरच्या अंगाला एका वयस्कर सभासदाचे अर्धा एकर रान कोरडे राहत होते. ते म्हणाले, "सायेब, हौद जरा वर सरकला तर माझं बी भिजंल." मुकादम शेजारीच उभा होता. त्याने विचारले, "मग काय, तिकडं घेऊ का?" आम्ही म्हणालो, "घ्या की."

मनात पाप नव्हते. एका गरिबाचे रान भिजावे एवढाच हेतू होता. पण त्या दोन शब्दांनी काय काय झाले ते ऐका. हौद वर गेला म्हणून नळ लांबला. वाढलेल्या लांबीत मुरूम नव्हता, काळा खडक लागला, सुरुंग लावावे लागले. हौदाची उंची वाढली म्हणून त्याच पंपाने पूर्वीइतके पाणी चढेना. पंप आणि मोटार तर आधीच विकत घेऊन झाली होती. योजना सुरू झाली तेव्हा वरचे अर्धा एकर भिजले खरे, पण टेलच्या रानांची पाळी चार-चार दिवस लांबू लागली.

शेवटी ठेकेदाराचे बिल आले. त्यात एक ओळ होती : 'तोंडी सूचनेप्रमाणे केलेले जादा काम'. समितीच्या बैठकीत अध्यक्षांनी विचारले, "ही सूचना कोणी दिली?" सगळे आमच्याकडे बघू लागले. आम्ही मान खाली घातली. रक्कम एकरी हिश्शाने सर्वांवर बसली. टेलला एक एकर असलेल्या एका विधवा भगिनीच्या उसाच्या बिलातून इतरांसारखीच कपात झाली. पाणी मात्र तिलाच सर्वांत कमी मिळत होते. ती आम्हाला काही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

तेव्हापासून आम्ही बांधावर उभे राहून ठेकेदाराला 'घ्या की' म्हणत नाही.

बदल होतातच, पण सगळे सारखे नसतात

बदल अजिबात होऊ द्यायचा नाही, असे म्हणणारा माणूस एक तर खोटे बोलतो किंवा त्याने कधी काम केलेले नाही. जमिनीच्या पोटात काय आहे हे नकाशाला कळत नाही. मात्र बदल कोणत्या कारणाने आला हे पाहिले पाहिजे, कारण पैसे कोणी द्यायचे हे त्या कारणावरून ठरते.

पहिला प्रकार जमिनीचा. अंदाजपत्रकात मुरूम धरला आणि खोदताना कठीण खडक लागला. हा खर्च संस्थेलाच सोसावा लागतो, पण त्याचे मोजमाप चोख पाहिजे. दुसरा प्रकार नकाशातील चुकीचा. एअर व्हॉल्व्ह दाखवायचा राहिला, ओढ्यावरच्या नळाला खांब धरलेच नाहीत. येथे सल्लागार अभियंत्याला जाब विचारावयास हवा, कारण त्याने त्या नकाशाची फी घेतलेली असते. तिसरा प्रकार बाहेरच्या परवानगीचा. रस्ता ओलांडताना संबंधित खात्याने वेगळी अट घातली, तर ती पाळावीच लागते. पण परवानग्या आधी काढल्या असत्या तर ही अट निविदेतच आली असती. चौथा प्रकार आपल्या हौसेचा. काम निम्मे झाल्यावर कोणाला तरी वाटते, आणखी एक फाटा काढू, पंपघर जरा मोठे करू. आणि पाचवा प्रकार ठेकेदाराच्या सोयीचा. ठरलेल्या व्यासाचा नळ बाजारात नाही, म्हणून जवळचा चालेल का, असे तो विचारतो.

या पाचव्या प्रकाराला नीट जपा. नळाचा व्यास दहा टक्क्यांनी कमी झाला आणि तेवढेच पाणी न्यायचे म्हटले, तर नळातील घर्षणाने वाया जाणारा दाब जवळजवळ दोन-तृतीयांशाने वाढतो. त्याचे पैसे ठेकेदार देत नाही. जितकी वर्षे तो नळ जमिनीत राहील तितकी वर्षे ते तुमच्या वीज बिलात येतात. म्हणून बदलाची किंमत बांधकामाच्या रुपयांत मोजून भागत नाही. पुढे चालवण्याचा खर्च किती वाढेल हेही त्याच कागदावर पाहिजे.

वेळेची किंमत तर आपण धरीतच नाही. जॅकवेलचे काम मे अखेर पुरे झाले नाही आणि जूनमध्ये नदीला पाणी चढले, तर ते काम पावसाळा उतरेपर्यंत गेले. ज्यांनी आडसालीची तयारी केली त्यांची जुलै-ऑगस्टची लागण हुकते आणि मंडळी पूर्वहंगामीवर किंवा सुरूवर जातात. 'फक्त पंधरा दिवसांचे जादा काम' असे म्हणून घेतलेला बदल असा सगळा हंगाम खाऊन जातो.

बदल केव्हा करावा, याला आपल्या धंद्यातला दाखला आहे. नांग्या भरायच्या त्या लागणीनंतर लवकर भराव्या लागतात. मोठी बांधणी झाल्यावर कोणी रोप घेऊन फडात शिरला तर लोक त्याला हसतील. बांधकामाचेही तसेच. कागदावर रेघ हलवायला पेन्सिल आणि रबर पुरते. चर खोदल्यावर तीच रेघ हलवायला यंत्र लागते, आणि नळ पुरल्यावर हलवायला नवा नळच लागतो.

स्वस्त निविदेचे गणित

आता एक हिशेब मांडू. आकडे नुसते समजण्यासाठी धरले आहेत, बाजारभाव म्हणून कोणी घेऊ नयेत.

समजा, अंदाजपत्रकात मुरूम खोदाई २,००० घनमीटर आणि कठीण खडक १०० घनमीटर आहे. पहिला ठेकेदार मुरमाला २०० रुपये आणि खडकाला १,२०० रुपये दर भरतो. त्याची निविदा ५ लाख २० हजारांची. दुसरा मुरमाला १८५ आणि खडकाला १,४०० भरतो. त्याची निविदा ५ लाख १० हजारांची. सभेत टाळ्या वाजतात, दहा हजार वाचले म्हणून काम दुसऱ्याला जाते.

प्रत्यक्षात मुरूम १,४०० आणि खडक ७०० घनमीटर निघाला. आता पहिल्याच्या दराने बिल झाले असते ११ लाख २० हजार. दुसऱ्याच्या दराने झाले १२ लाख ३९ हजार. म्हणजे दहा हजार वाचवायला गेलो आणि १ लाख १९ हजार घालवून बसलो. दुसऱ्या ठेकेदाराने काही लबाडी केली असे नव्हे. त्याने शिवार पायी फिरून पाहिले, विहिरींच्या कडा पाहिल्या, खाली खडक आहे हे ओळखले आणि खडकाचा दर चढा ठेवला. जमीन आपली, आणि तिच्या पोटातले त्याला आपल्यापेक्षा जास्त माहीत!

याला उपाय दोन. एक, निविदेआधी नळाच्या रेघेवर ठराविक अंतराने चाचणी खड्डे घ्या. दोन दिवसांचे काम आहे. आणि गावातल्या ज्या म्हाताऱ्यांनी विहिरी पाडल्या त्यांना विचारा, कोणत्या रानात किती हातावर खडक लागतो हे ते तोंडपाठ सांगतात. दोन, करारात परिमाणाला मर्यादा घाला. राज्याच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या बी-१ नमुन्याच्या करारात अडतीसावे कलम यासाठीच आहे. एखाद्या बाबीचे परिमाण निविदेपेक्षा २५ टक्क्यांहून अधिक वाढले आणि वाढीची रक्कम ठराविक मर्यादेपुढे गेली, तर पुढच्या वाढीला निविदेचा दर बांधून राहत नाही, चालू दरसूचीवरून किंवा बाजारभावावरून दर काढावा लागतो. शिवाय अशी वाढ अभियंत्याच्या लेखी हुकमानेच करावयाची असते. खाते आपल्या पैशासाठी एवढे जपते, मग आपण आपल्या पैशासाठी का जपू नये?

आणखी एक गोष्ट. वरच्या उदाहरणात खडक वाढला तसा मुरूम ६०० घनमीटर घटलाही आहे. वाढ लिहायला ठेकेदार विसरत नाही, घट लिहायला आपण विसरतो. हौद हलला तर जुन्या जागेची खोदाई वाचली, पंपघराची एक खिडकी रद्द झाली तर तिचे पैसे वाचले. प्रत्येक बदलाला 'अधिक' आणि 'वजा' असे दोन रकाने हवेत. एकाच रकान्याचा कागद कोणी पुढे केला तर सही करू नका.

विश्वास आणि कागद

मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत आम्ही हेच बोलत होतो. तेथले एक जुने सभासद, ज्यांना सारे आबा म्हणतात, मध्येच म्हणाले, "सायेब, आमी तोंडाच्या शब्दावर जमिनी घेतल्या-दिल्या. आता गावच्याच पोराकडनं कागद लिहून घ्यायचा म्हंजे त्येच्यावर इश्वास न्हाई असं झालं की!"

आम्ही विचारले, "आबा, तुमचा ऊस काट्यावर जातो तेव्हा वजनाची पावती घेता का नाही?"

"घेतो की."

"कारखाना तर तुमचाच. मग विश्वास नाही म्हणून घेता?"

आबा हसले. म्हणाले, "तसं न्हाई. उद्या मी नसलो तर पोराला कळाय पायजे, किती टन गेला त्ये."

यापेक्षा चांगले उत्तर आम्हाला देता आले नसते. समितीची मुदत संपते, अभियंता बदलतो, मुकादम काम सोडून जातो. तीन वर्षांनी कर्जाचा हप्ता सुरू होतो तेव्हा ज्याने 'हो' म्हटले तो समोर नसतो, पण सातबारावरचा बोजा समोर असतो. पूर्वीच्या पाणी योजनांच्या कर्जाचे बोजे सातबारावर पिढी उलटेपर्यंत राहिलेली घरे आपल्याला माहीत आहेत.

दुसरा आक्षेप असा की कागद करत बसलो तर काम थांबेल, यंत्र उभे राहिले तर त्याचे भाडे चढेल. यात तथ्य आहे. म्हणून कागद एकच पानाचा पाहिजे आणि त्यावर निर्णय द्यायला मुदत पाहिजे. ठेकेदाराने बदल कळवल्यापासून तीन दिवसांत अभियंत्याने आणि सात दिवसांत समितीने उत्तर द्यावे. नळ फुटून पाणी कोणाच्या घरात शिरत असेल, दरड कोसळत असेल, तर तोंडी सांगावे आणि दोन दिवसांत लिहून पक्के करावे. कागद कामाआधी झाला तर त्याला मंजुरी म्हणतात. काम झाल्यावर कागद म्हणजे वरातीमागून घोडे.

आणि हल्लीची एक नवी सवय. मुकादम मोबाईलवर फोटो पाठवतो, खाली विचारतो 'चालेल का?' आणि आपल्यातला कोणी तरी गटावर अंगठ्याची खूण टाकतो. तो अंगठा उद्या पुरावा म्हणून पुढे येऊ शकतो हे ध्यानात ठेवा. पूर्वी अंगठा उठवायला शाई लागायची आणि लोक दहांदा विचार करायचे. आता शाई लागत नाही, म्हणून विचारही लागत नाही असे होऊ नये.

ठेकेदाराचीही बाजू आहे

हे सगळे ठेकेदाराच्या विरुद्ध आहे असे कोणी समजू नये. लहान ठेकेदार पुष्कळदा आपल्यामुळेच बुडतो. समितीतील पाच जण पाच गोष्टी सांगतात, तो बिचारा सर्वांचे मन राखतो, घरचे दागिने ठेवून मजुरांचा पगार भागवतो. आणि बिल दिल्यावर समिती म्हणते, "तुला लेखी कोणी सांगितले होते?" हा अन्याय आहे. काम करवून घ्यायचे, त्याचा फायदा उपभोगायचा आणि कागद नाही म्हणून पैसे नाकारायचे, हे सहकारात शोभत नाही.

कायद्यालाही ते मान्य नाही. भारतीय करार कायदा १८७२ सालचा. त्याचे सत्तरावे कलम सांगते की कोणी फुकट करण्याचा हेतू न ठेवता दुसऱ्यासाठी कायदेशीर काम केले आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर लाभ घेणाराने त्याची भरपाई केली पाहिजे. बंगालमध्ये १९४४ साली बी. के. मंडल नावाच्या पेढीने सरकारी अधिकाऱ्याच्या सांगण्यावरून धान्य साठवणीसाठी बांधकाम केले. रीतसर करार झालेला नव्हता, म्हणून सरकारने पैसे द्यायचे नाकारले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. डिसेंबर १९६१ मध्ये निकाल लागला आणि पेढीला पैसे द्यावे लागले. तो निकाल लिहिला न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी, जे पुढे १९६४ साली देशाचे सरन्यायाधीश झाले. म्हणजे १९४४ च्या कामाचा निकाल सतरा वर्षांनी! एका पानाचा कागद वेळेवर झाला असता तर दोन्ही बाजूंची ही पायपीट वाचली असती. लेखी हुकमाशिवाय जादा काम नाही असे कलम करारातच असेल, तर ठेकेदाराची वाट आणखी बिकट होते. म्हणून ठेकेदार बंधूंनाही आमचे सांगणे आहे : संचालक असो, अध्यक्ष असो की ऊस विकास अधिकारी असो, सहीचा कागद हातात आल्याशिवाय टिकाव मारू नका.

थोरामोठ्यांचेही असेच झाले

आपणच अडाणी म्हणून आपले असे होते, असेही नाही. ऑस्ट्रेलियात सिडनी शहरात शिंपल्याच्या आकाराचे जगप्रसिद्ध नाट्यगृह आहे. १९५७ साली त्याचा अंदाज ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा होता. छताचा आराखडा पक्का होण्याआधीच १९५९ साली काम सुरू केले. पुढे छताचे वजन पेलणार नाही म्हणून आधी बांधलेले खांब पुन्हा बांधावे लागले. १९६३ मध्ये संपायचे ते काम १९७३ साली संपले आणि खर्च गेला १० कोटी २० लाखांवर. आधी कळस मग पाया म्हणतात ते हेच.

आपल्याकडे पाहायचे तर विदर्भातील गोसीखुर्द प्रकल्प आहे. १९८३ साली त्याची मूळ किंमत ३७२ कोटी रुपये होती. २०१२-१३ च्या दरांवर ती १८,४९४ कोटींवर गेली. यातील बरीचशी वाढ महागाईची, भूसंपादनाची आणि पुनर्वसनाची आहे, सगळी बदलांची नव्हे, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण 'सुधारित प्रशासकीय मान्यता' हा शब्द महाराष्ट्रात घरोघरी माहीत झाला तो अशाच प्रकल्पांमुळे. राज्य सरकारने २०१२ साली सिंचनावर श्वेतपत्रिका काढली, नंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी पथक नेमले, त्याचा अहवाल २०१४ मध्ये आला. सरकारला पुन्हा पुन्हा मान्यता घेता येते, कारण तिजोरी मोठी आहे. आपल्या संस्थेची तिजोरी म्हणजे आपल्या उसाचे बिल.

तेवढाही हिशेब करून पाहा. समजा, संस्थेखाली ३०० एकर रान आहे आणि जादा काम १८ लाखांचे झाले. एकरी ६,००० रुपये बसले. एकरी ४० टन ऊस धरला आणि एकाच हंगामात कपात झाली तर टनामागे १५० रुपये गेले. दरात टनाला पन्नास रुपये वाढावेत म्हणून आपण रस्त्यावर बसतो. येथे दीडशे रुपये बांधावरच्या एका शब्दाने जातात आणि कोणाला कळतही नाही.

आमच्या सूचना

कामे काढणाऱ्या प्रत्येक संस्थेने पुढील गोष्टी करारात आणि सभेच्या ठरावात घालून घ्याव्यात, असे आम्ही सुचवितो.

१. संस्थेच्या वतीने बदल सांगण्याचा अधिकार एकाच व्यक्तीला द्यावा आणि तिचे नाव करारात लिहावे. इतर कोणी काही सांगितले तर ती फक्त सूचना, हुकूम नव्हे. हे वाक्य कामाच्या जागी मराठीत फलकावर लावावे.

२. प्रत्येक बदलाला अनुक्रमांक, तारीख, कारण, नकाशावरील जागा, परिमाणाची वाढ व घट, दर कसा काढला, करासह एकूण रक्कम, वाढणारे दिवस आणि चालू खर्चावर होणारा परिणाम, एवढे एका पानावर असावे. शेवटी अभियंता, ठेकेदार आणि संस्था अशा तिघांच्या सह्या.

३. बदलांची एक नोंदवही ठेवावी. तिच्यात शेवटचा रकाना 'आजअखेर एकूण' हा असावा. मूळ कराराची रक्कम, त्यात मंजूर बदल, आणि आजची रक्कम किती, हे कोणत्याही सभासदाला कोणत्याही दिवशी विचारता आले पाहिजे.

४. अनपेक्षित कामासाठी अंदाजपत्रकात सुरुवातीलाच वेगळी रक्कम ठेवावी. जादा कामांची बेरीज मूळ रकमेच्या पाच टक्क्यांपर्यंत समितीने मंजूर करावी. त्यापुढे गेली तर विशेष सर्वसाधारण सभा बोलवावी. पाच हा आमचा आकडा आहे, सभेने आपला ठरवावा. पण आकडा असावा.

५. चर बुजवण्याआधी मोजमाप घ्यावे. खडकाची खोली अभियंता, ठेकेदार आणि त्या रानाचा मालक अशा तिघांसमोर मोजावी, टेप लावून तारखेसह फोटो काढावा. बुजलेल्या चराची खोली नंतर परमेश्वरालाच ठाऊक.

६. दर आधी ठरवणे शक्य नसेल तर मजूर किती, यंत्राचे तास किती, सिमेंटची पोती किती, याची रोजची चिठ्ठी रोज संध्याकाळी दोघांनी सही करून ठेवावी. आठवड्याची एकदम लिहू नये.

७. काम संपल्यावर प्रत्यक्षात नळ कोठून गेला, व्हॉल्व्ह कोठे बसला, याचा नवा नकाशा घेतल्याशिवाय ठेकेदाराची अनामत सोडू नये. आज जुने नळ शोधायला जी खोदाखोद चालली आहे ती हा नकाशा नसल्यामुळेच.

यातील एकही गोष्ट अवघड नाही आणि एकीलाही मोठा खर्च नाही.

हाच नियम आपल्या कारखान्याच्या बांधकामांनाही लावावा, असे आम्ही नम्रपणे सुचवितो. माननीय अध्यक्ष व संचालक मंडळ याचा राग मानणार नाहीत अशी खात्री आहे. उलट वार्षिक अहवालात प्रत्येक मोठ्या कामापुढे मूळ रक्कम, मंजूर बदल आणि अंतिम रक्कम असे तीन आकडे छापले, तर सभेतले निम्मे प्रश्न आपोआप मिटतील.

शेवटी एकच. ठेकेदाराने उद्या तुमच्या बांधावर येऊन विचारले, "आण्णा, जरा इकडून घेऊ का?" तर त्याला चहा पाजा, त्याचे म्हणणे ऐका, आणि सांगा, "कागद करून आण, मग बोलू." यात त्याचा अपमान नाही आणि तुमचा कमीपणा नाही. आम्ही एकदा याच्या उलट वागलो. त्याचे पैसे आम्ही भरले नाहीत, टेलच्या एका एकराने भरले. ते ऋण काही फिटावयाचे नाही, पण तशी पाळी दुसऱ्या कोणावर येऊ नये म्हणून हे लिहिले.

आपला,
ऊस विकास अधिकारी